"दुखणार नाही" असं पोराला सांगू नका: लहान मुलाच्या रक्त तपासणीची तयारी

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली (सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा, लाल पेशींचा आजार), आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचं रक्त तपासायचं असं त्यात ठरलं, आणि तेव्हापासून आपल्या नंदुरबारकडे, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर सगळीकडे, आश्रमशाळेतून नाहीतर आशाताईकडून निरोप येतो की अमुक दिवशी रक्त तपासणी आहे, मुलाला पाठवा. खाली जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पावसाळा सरता सरता डेंगू-मलेरियाच्या तापाची पोरं लॅबमधे येतात ती वेगळीच. निरोपात तारीख असते, वेळ असते, पण पोराला घरी काय सांगायचं हे कोणीच सांगत नाही. मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो, बहुतेक वेळा खोटं सांगतो.

मी लॅब टेक्निशियन आहे, रोज रक्त काढते, त्यात रोज चार-पाच तरी लहान पोरं असतात. आणि तरी मी स्वतःच्या मुलाशी हेच केलं. तो ४ वर्षांचा होता, ताप उतरत नव्हता, मी त्याला मांडीवर घेऊन म्हटलं "मुंगी चावल्यासारखं होईल, अजिबात दुखणार नाही". सुई गेली आणि तो रडायच्या आधी क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, ते बघणं मी विसरले नाही. त्यानंतर वर्षभर मी नखं कापायला बसले तरी हात मागे घ्यायचा, म्हणायचा "तू म्हणतेस दुखणार नाही, पण दुखतं." सुईचं दुखणं दोन मिनिटांत गेलं होतं, माझ्या शब्दावरचा विश्वास परत यायला वर्ष लागलं. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

## आधी समजून घेऊ, सुई आत जाते तेव्हा होतं काय

आपल्याकडे ठिबक सगळ्यांना माहितीये. नळी दाबून धरली की मागे पाणी साठतं आणि नळी फुगते. दंडाला जो रबरी पट्टा बांधतात तो तेच करतो, हृदयाकडे परत जाणारं रक्त थोडा वेळ अडवतो आणि नस फुगवतो, म्हणजे ती बोटाला लागते. पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त ठेवायचा नसतो. कोपराच्या आतल्या बाजूला नाहीतर हाताच्या पंजाच्या मागे नस बघतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात, तो वाळू देतात (हे महत्त्वाचं आहे, ओलं असतानाच टोचलं तर जास्त चुरचुरतं, त्यामुळे टेक्निशियन थांबलेला दिसला तर "लवकर करा हो" म्हणू नका), आणि मग सुई जाते. लहान मुलांना वापरतात ती सुई पाऊण मिलिमीटरपेक्षाही बारीक असते.

दुखतं ते मुख्यतः कातडीला, कारण वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं तिथे दाट असतात. म्हणजे टोचण्याचा पहिला क्षण खरा दुखरा, नंतर बल्ब भरेपर्यंत थोडं दडपल्यासारखं वाटतं. बल्ब म्हणजे रक्त गोळा करायची ती छोटी ट्यूब, लॅबमधे सगळे बल्बच म्हणतात. जांभळ्या झाकणाच्या बल्बमधे रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, त्यातून सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी होते, आणि सिकलसेलची तपासणीही त्यातूनच. नस नीट सापडली तर सगळं काम अर्ध्या मिनिटाचं.

## मग इतका गोंधळ कशामुळे

कारण पोरगं त्या अर्ध्या मिनिटाला घाबरलेलं नसतं, काय होणारे हे माहीत नसण्याला घाबरलेलं असतं. अनोळखी खोली, स्पिरिटचा वास, आतून दुसऱ्या पोराचं रडणं, आणि बाप सांगतोय की आपण बिस्किट घ्यायला चाललोय.

आणि भीतीचा परिणाम फक्त रडण्यापुरता नसतो. माणूस घाबरला की शरीर हातापायाकडचं रक्त आवरून घेतं, हात गार पडतात, नसा आकसतात. म्हणजे जितकी भीती जास्त तितकी नस सापडणं अवघड, मग दुसऱ्यांदा टोचावं लागतं, मग भीती अजून वाढते. शिवाय पोरगं हात ओढत असेल तर रक्त थेंब थेंब येतं, बल्बमधे जाईपर्यंत त्यात बारीक गुठळ्या होतात, आणि गुठळी झालेल्या सॅम्पलमधे प्लेटलेट खोटंच कमी दिसतात. डेंगूच्या दिवसांत याचा अर्थ काय होतो विचार करा. अर्ध्या रात्री गाडी करून आईबाप जळगावला पळतात, आणि सकाळी परत तपासलं तर आकडा ठीक असतो. त्यामुळे पोराला शांत ठेवणं हे लाड नाहीयेत, त्यावर रिपोर्ट बरोबर यायचं अवलंबून आहे.

## खरं सांगायचं म्हणजे किती सांगायचं

दोन-तीन वर्षांच्या मुलाला दोन दिवस आधी सांगून काही उपयोग नाही, त्याला "परवा" म्हणजे काय ते कळत नाही, ते नुसतं घाबरून राहील. त्याला तिथे पोचल्यावर, आत जायच्या थोडं आधी सांगा. चार ते सहा वर्षांच्याला आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी. सात-आठच्या पुढच्याला एक-दोन दिवस आधी, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो, आणि प्रश्न विचारता आले की अर्धी भीती तिथेच जिरते.

शब्द साधे ठेवा. "उद्या आपण दवाखान्यात जाणारोत. तिथल्या ताई तुझ्या हातातून थोडंसं रक्त घेणारेत, तुला ताप का येतोय ते त्यातून कळेल. हाताला पट्टा बांधतील तो घट्ट वाटेल. मग एक सुई टोचतील, ती टोचेल, थोडं दुखेल, तू दहापर्यंत मोजशील तोवर बरंचसं कमी होईल. मी तुझ्याजवळच असेन." बास एवढंच. "खूप दुखेल" पण नाही आणि "अजिबात दुखणार नाही" पण नाही. काही मुलांना खरंच फारसं दुखत नाही, म्हणून "तुला कसं वाटलं ते मला नंतर सांग" असं म्हटलं तर अजून चांगलं, मग ते पोरगं स्वतःच तपासायला लागतं की कसं वाटतंय.

घरी एकदा खेळून बघा. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, बाहुलीच्या नाहीतर तुमच्याच दंडाला रुमाल बांधा, आणि पोराला डॉक्टर करा. एकदा त्याने आईचं "रक्त काढलं" की पट्टा, बोळा, सुई, कापूस हा क्रम त्याच्या डोक्यात बसतो.

एक गोष्ट धडगाव-अक्कलकुव्याच्या शिबिरांमधे मला फार जाणवली. लहान पोरांना घरची पावरी किंवा भिली येते, मराठी नीट कळत नाही, आणि आम्ही मराठीत "घाबरू नको हां" म्हणत बसतो, त्याला ऐकू येतात फक्त अनोळखी बाईचे अनोळखी आवाज. तिथे आईनेच, नाहीतर त्याच गावच्या आशाताईने त्याच्या भाषेत सांगितलं पाहिजे. अहिराणी घरातल्या पोराला अहिराणीत सांगा. भीतीच्या वेळी घरचीच भाषा आत पोचते.

## "खरं सांगितलं तर ते घरातून निघणारच नाही"

ही शंका सगळ्यात जास्त येते आणि ती खोटी नाही, काही पोरं रडतातच. पण घरी रडलेलं पोरगं आणि खुर्चीवर फसवलं गेलेलं पोरगं यात फरक आहे. घरी रडताना त्याला जवळ घ्यायला तुमच्याकडे वेळ असतो. खुर्चीवर त्याला एकदम कळतं की आईसुद्धा यांच्यात सामील आहे, आणि मग धरायला कोणीच उरत नाही.

निघायच्या बाबतीत चॉईस देऊ नका, कारण "जायचं का आपण?" विचारलं आणि ते "नाही" म्हणालं तर काय करणार? जायचं हे ठरलेलं आहे. पण त्यातल्या बारक्या गोष्टी त्याला ठरवू द्या: कोणता हात, सुईकडे बघायचं की नाही, मांडीवर बसायचं की शेजारी, आकडे मोजायचे की गाणं म्हणायचं. पोराला वाटतं यातलं काहीतरी माझ्या हातात आहे, आणि खरंच असतं.

आणि एक कळकळीची विनंती. "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई मारेल", "गप बस नाहीतर नर्सबाई इंजेक्शन देईल" हे घरातून कायमचं बंद करा. आपल्याकडे आजी-आजोबांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे हे म्हणतात, कोणाच्या मनात वाईट नसतं. पण पोराच्या डोक्यात बसतं की सुई ही शिक्षा आहे. मग आजारी पडल्यावर आपण त्याला नेतो तेव्हा ते विचारतं "मी काय केलं?" हा प्रश्न मी खरंच ऐकलाय, एका साडेपाच वर्षांच्या मुलीच्या तोंडून, आणि तिच्या आईला रडू आलं होतं.

## उपाशी न्यायचं का

प्रत्येक रक्त तपासणी उपाशीपोटी असते असा फार मोठा गैरसमज आहे. सीबीसी, हिमोग्लोबिन, सिकलसेल, मलेरिया, डेंगू यातल्या कशालाच उपाशी राहायची गरज नाही. फास्टिंग शुगर, कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी अशा काहींना असते, ते डॉक्टर सांगतात, नाही सांगितलं तर फोन करून विचारा. आणि उपाशी म्हणजे पाणीसुद्धा बंद असं नाही, साधं पाणी चालतं.

मे महिन्यात जळगावात ४४-४५ डिग्रीला पोरगं सकाळपासून बिनपाण्याचं घेऊन येतात, ओठ सुकलेले असतात आणि नस बोटाला लागतच नाही. ठिबकच्या नळीत पाणीच नसेल तर दाबून ती फुगणार कशी? आदल्या दिवसापासून भरपूर पाणी पाजा, डॉक्टरांनी उपाशी सांगितलं नसेल तर भाकरी-दूध काहीतरी पोटात असू द्या, पोटभर जेवलेलं पोरगं सोसतंही जास्त. हिवाळ्यात हात गार असतील तर स्वतःच्या हातांत धरून थोडा वेळ गरम करा, नस वर येते.

## "चार जणांनी धरा आणि उरकून टाका"

आडवं पाडून, पाय एकाने, डोकं एकाने धरून रक्त काढणं पटकन होतं असं वाटतं. पण आडवं पाडलं की मुलाला वाटतं आता माझ्या हातात काहीच नाही, आणि ते जीव तोडून झगडतं. त्याऐवजी आईने नाहीतर बापाने खुर्चीत बसायचं, पोराला छातीशी छाती लावून मांडीवर घ्यायचं, त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, त्याचा एक हात तुमच्या बगलेखालून मागे, आणि दुसरा हात टेबलावर सरळ. तुम्ही त्याला मिठीत घट्ट धरलेलं असतं, तो हलू शकत नाही, पण त्याला ते कुशीत घेतल्यासारखं वाटतं, पकडल्यासारखं नाही. टेबलावरचा हात कोपराच्या वर आणि मनगटाशी दुसऱ्या कोणीतरी हलू न देता धरायचा. टेक्निशियनला विचारा "मी मांडीवर घेऊन बसू का?" आमच्यातले बहुतेक जण हो म्हणतात, आम्हालाही तेच सोपं जातं.

आईने बाहेर थांबावं का? आई असली की पोरगं जास्त रडतं असं म्हणतात. रडतं, कारण आईजवळ रडता येतं. जवळ कोणी नसताना गप्प बसलेलं पोरगं शांत असतंच असं नाही, कधी कधी ते गोठलेलं असतं. तुम्हालाच रक्त बघून चक्कर येत असेल तर मात्र बाहेर थांबा आणि मावशी, आजी, काका जो कोणी धीराचा असेल त्याला आत पाठवा, यात कमीपणा नाही.

## सुई जाते त्या क्षणी

आपल्याकडची आजी काय म्हणते, "कसाले रडस रे बेटा, काहीच व्हत नही!" प्रेमाने म्हणते. पण मुलांच्या दुखण्यावर काम करणाऱ्या संशोधकांना पुन्हा पुन्हा असं दिसलंय की "काही नाही, काही नाही, झालं झालं" असा धीर सारखा देत राहिलं तर पोरांचा त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. त्याला तुमच्या आवाजातली काळजी ऐकू येते, आणि त्याचं लक्ष परत सुईवरच जातं. त्यापेक्षा लक्ष दुसरीकडे नेणारं बोललेलं बरं: "सारंगखेड्याच्या जत्रेत आपण पाहिलेला तो पांढरा घोडा किती उंच होता?"

यामागे शास्त्र आहे. १९६५ मधे रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं की वेदनेचा निरोप थेट मेंदूत जात नाही, वाटेत मणक्यात एक फाटक आहे. भुसावळ जंक्शनवर मालगाडी बाहेर थांबलेली आपण किती वेळा पाहिलीये, कारण एक्सप्रेसला आधी लाईन दिलेली असते. तसंच स्पर्शाचा, दाबाचा निरोप वेगाने पुढे येतो आणि दुखण्याच्या निरोपाला काही काळ थांबावं लागतं. म्हणूनच गुडघा आपटला की आपण आपोआप चोळतो. सुई जात असताना पोराची पाठ, दुसरा दंड जरा जोर लावून चोळत राहा. मेंदूचं लक्ष दुसरीकडे असेल तर तोही वरून हे फाटक थोडं लावून घेतो.

सगळ्यात चांगलं चालतं ते फुंकणं. साबणाचे फुगे, जत्रेतली भिंगरी, नाहीतर "माझ्या तळहातावरची मेणबत्ती विझव" असं नुसतं म्हणायचं. लांब श्वास बाहेर सोडला की अंग सैल पडतं. मोठ्या पोराला ऐन टोचताना एकदा खोकायला सांगा, तेही काम करतं, पण टेक्निशियनला आधी कल्पना द्या म्हणजे हात हलणार नाही. मोबाईल द्यायचा का? द्या. एरवी कितीही बंधन असलं तरी या वेळी द्या, पण सुईच्या उलट्या बाजूला धरा आणि व्हिडिओ आधीच लावून ठेवा, नेट गोल गोल फिरत राहिलं की गोंधळ. ज्या पोराला बघायचंच असतं त्याला बघू द्या, काहींना दिसत नसलं की जास्त भीती वाटते.

कातडी बधिर करणारं मलमही मिळतं, लिडोकेन-प्रिलोकेनचं. लावून वरून झाकून तासभर ठेवावं लागतं, म्हणून घाईच्या तपासणीला उपयोग नाही, पण ज्या मुलाचं रक्त वारंवार काढावं लागतं त्याच्यासाठी डॉक्टरांना नक्की विचारा. मनाने लावू नका, तान्ह्या बाळाला तर मुळीच नाही, प्रमाण चुकलं तर रक्ताच्या ऑक्सिजन वाहून नेण्यावर परिणाम होऊ शकतो.

## तान्ही बाळं आणि दहावीची पोरं

तान्ह्या बाळाचं रक्त टाचेच्या कडेला टोचून काढतात, ते बघून आजीचा जीव वर होतो, पण बाळाचं बोट इतकं बारीक असतं की तिथे हाडाला लागायची भीती, म्हणून टाच. त्या वेळी बाळाला अंगावर पाजत ठेवलं तर दुखणं कमी होतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मधे लसीच्या सुईबद्दल हेच सांगितलंय. टोचायच्या आधीच पाजायला सुरुवात करा, नंतर नाही.

दहा-बारा वर्षांच्या पुढची पोरं रडत नाहीत, लाजतात, आणि अचानक पांढरी पडून कोसळतात. घाबरल्यावर एकदम रक्तदाब उतरतो म्हणून ती चक्कर येते. अशा मुलाने आधीच सांगावं, झोपवून रक्त काढता येतं. आणि पोट व मांड्यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, परत आवळायचे, याने दाब टिकतो. ज्या हाताला टोचतात तो मात्र सैल. आवळणं हे फक्त चक्कर येणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी अंग सैलच सोडायचं.

## "एवढं रक्त काढतात, पोरगं अशक्त होईल"

१५ किलोच्या मुलाच्या अंगात साधारण एक ते सव्वा लिटर रक्त असतं. एका बल्बला लागतं २ मिली, कधी त्याहून कमी, म्हणजे घरातल्या छोट्या चमच्याचा अर्धा भागही नाही. शरीर ते आपोआप भरून काढतं. अशक्तपणा आधीच असतो, म्हणून तर तपासायचं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ महिने ते ५ वर्षांच्या ६७.१ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, दर तीनात दोन पोरं.

## "एकदा काढलं ना, मग परत कशाला बोलावलं"

सिकलसेलमधे हे हमखास होतं, आणि लोकांना वाटतं पहिल्यांदा काहीतरी चुकलं. तसं नाही. पहिली तपासणी चाळणीसारखी असते, रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही, बहुतेक वेळा एवढंच ती सांगते. आहे म्हटलं तर ते किती आहे, म्हणजे मूल नुसतं वाहक आहे की त्याला आजार आहे, हे बघायला दुसरी, जास्त नेमकी तपासणी लागते, आणि त्यासाठी पुन्हा रक्त घ्यावं लागू शकतं. पहिल्याच वेळी पोराला "आता परत कधीच नाही" असं वचन देऊ नका ते यासाठीच.

आजार आणि वाहक यातला फरक नीट समजून घ्या. रक्तातली लाल पेशी गोल आणि मऊ असते, साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या आजारात ती विळ्यासारखी वाकते, कडक होते, १० ते २० दिवसांतच मोडते आणि बारीक नसांमधे अडकते, त्यातून ते भयंकर दुखणं येतं. वाहकाकडे आईबापापैकी एकाकडूनच आलेला दोष असतो, तो आजारी नसतो, शाळा, खेळ, शेत सगळं करतो. मात्र दोघं नवराबायको वाहक असतील तर दर बाळंतपणात मुलाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के असते. पोराला वाहक म्हणून चिडवणं, सोयरीक मोडणं हे सगळं अज्ञान आहे.

आणि ज्याला आजार निघतो त्याचं रक्त पुढे वरचेवर तपासावं लागतं, हायड्रॉक्सियुरियाच्या, म्हणजे सिकलसेलवरच्या औषधाच्या, गोळ्या चालू असतील तर ठराविक दिवसांनी सीबीसी करावीच लागते. असं मूल पहिल्या वेळी कसं वागवलं गेलं यावर ठरतं की ते पुढच्या पन्नास वेळा दवाखान्यात चालत येईल की ओढून आणावं लागेल. मोठं झाल्यावर कोणी ओढूनही आणत नाही, ते तपासणीच सोडून देतात, आणि मग थेट सिव्हिलला ॲडमिट होतात. शिबिरात मी एका दिवसात शंभर पोरं करते, प्रत्येकाला पाच मिनिटं देणं मला जमत नाही, हे मान्य करते. म्हणून तुमची घरची पाच मिनिटं मला हवीत.

## एकदा टोचून नस नाही सापडली तर

होतं असं. पोराला सांगा "नस लपली, तुझं काही चुकलं नाही". दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर थांबायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे: थोडं पाणी पाजू, हात गरम करू, दुसऱ्या कोणाला बघू द्या. यात आम्हाला अपमान वाटायचं कारण नाही, मी स्वतः कित्येकदा सोबतच्या सिस्टरला हाक मारते.

## झाल्यावर

कापूस दाबून हात सरळ ठेवायचा, दोन-तीन मिनिटं. चोळायचं नाही आणि कोपर दुमडायचं नाही, दुमडलं की आत रक्त झिरपून निळं पडतं. पडलंच निळं तर आठवड्याभरात जातं.

मग बोला त्याच्याशी. "बघ, काही झालं का?" असं नको, झालं होतं ना काहीतरी. "दुखलं तुला, आणि तरी तू हात हलवला नाहीस, फुंकर किती लांब मारलीस" असं जे खरं घडलं ते नेमकं सांगा. पुढच्या वेळी त्याला आठवणार आहे ते यातलंच. खूप रडलं असेल तर "एवढा मोठा होऊन रडला" असं चारचौघांत सांगत फिरू नका, त्यातल्या त्यात जे जमलं ते शोधा, पट्टा बांधू दिला, खुर्चीपर्यंत चालत गेला, काहीतरी असतंच.

आणि ती चिकटपट्टी. रक्त काढताना न रडलेली पोरं पट्टी ओढताना रडतात, आपण लक्षच देत नाही. माझ्या मुलाने ती तीन दिवस काढू दिली नव्हती. शेवटी मी खोबरेल तेलाची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं थोडं ओढेल, तूच काढ, हळूहळू. तो अर्धा तास कडेकडेने तेल लावत बसला होता.